अमरावतीचं विरजण

पिंगळी नगरपरिषदेचं सांडपाणी केंद्र मी चालवते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो आणि मग खुर्ची हळूच मागे सरकवतो. लग्नाच्या बाजारात तर या नोकरीनं माझी चांगलीच सोय केली. स्थळं चहा गार व्हायच्या आत उठून जायची. मला त्याचं काही वाटलं नाही. स्वतःच्याच घरातून बाहेर गेलेल्या पाण्याची ज्यांना एवढी शिसारी, त्यांच्याशी संसार करून करायचं तरी काय?

गावाबाहेर, कापसाच्या जिनिंगच्या मागे, माझ्याकडे काय आहे हे लोकांना माहीतच नाही. सगळ्या पिंगळीच्या न्हाण्या, मोऱ्या, संडास, लग्नातली खरकटी भांडी, दवाखान्यात धुतलेले हात, सगळं एका मोठ्या पाइपातून माझ्याकडे येतं. जाळीत चिंध्या आणि पिशव्या अडकतात, वाळू खाली बसते, आणि उरलेलं काळं पाणी येतं मोठ्या टाकीत. टाकीच्या तळातून हवा सोडलेली असते, त्यामुळे पाणी सतत उकळल्यासारखं दिसतं. रंग तपकिरी, दाट. वास मात्र घाणीचा नाही, नांगरलेल्या ओल्या मातीचा. कारण त्या टाकीत जीव राहतात. डोळ्यांना न दिसणारे, आणि मोजायला आकडे पुरणार नाहीत इतके. गाव जे टाकतं ते हे खातात. खाऊन जड झाले की पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वर राहतं निवळशंख पाणी. त्यात मी काही करत नाही. मी त्यांना हवा देते आणि त्यांच्या ताटाला कोणी लाथ मारू नये एवढं बघते. चार वर्षं झाली, रोज सकाळी कठड्याशी उभी राहिले की मला हात जोडावेसे वाटतात, आणि आजूबाजूला कोणी नसलं तर मी ते जोडतेही.

बाबांनी हे कधी पाहिलं नव्हतं. चिंतामणगुरुजी म्हणजे अमरावतीच्या अंबापेठेतलं जुनं नाव. आमच्या घराण्यात भटजी, वकील आणि मास्तर सोडून चौथं कोणी झालं नाही, ती चौथी मी झाले. शनिवारी घरी गेले की मागच्या दाराशी पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. आधी पाय धुवायचे, तिथूनच न्हाणीत जायचं, अंघोळ करायची आणि मग घरात. बाबा कधी रागावले नाहीत. आई गेल्यापासून बादली ते स्वतः भरायचे, थंडीत पाणी कोमट असायचं. मला त्या कोमट पाण्याचाच जास्त राग यायचा.

आता कवठ्याच्या माणिकबाईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडून निघालेलं पाणी नाल्यानं खाली कवठ्याला जातं, आणि नाल्याच्या काठावर माणिकबाईचं काळं वावर आहे. केंद्र व्हायच्या आधी पिंगळीची घाण जशीच्या तशी तिच्या वावराच्या धुऱ्याशी जायची. शेवटी कवठ्याच्या बायांनी नाल्यात मातीचा बांध घातला आणि ती घाण उलटी फिरून पिंगळीच्या बसस्टँडात येऊन उभी राहिली. तेव्हा कुठं केंद्राची फाइल हलली. केंद्र चालू झाल्यावर बांध काढा म्हणायला मीच गेले होते. माणिकबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काढतो बांध. पन ज्या दिवशी पान्याले वास आला, त्या दिवशी पुन्हा घालीन. मंग कोनताही साहेब येवो."

यंदा नाल्यात बेडूक आले, त्यामागे बगळे आले. भादव्याच्या पुनवेला कवठ्याच्या पोरींनी ज्वारीच्या ताटांचा मांडव करून मातीची भुलाबाई बसवली, आणि माणिकबाईनं निरोप धाडला की कोजागिरीला भुलाबाई नाल्यात शिरवायची. तिच्या लेकी लहान होत्या तेव्हा शेवटची शिरवली होती. मधल्या सगळ्या वर्षांत पोरींनी महिनाभर गाणी म्हणायची आणि शेवटी देवीला पत्र्याच्या टिपाडात बुडवायचं, असं चाललं होतं. तो निरोप ऐकून मी केंद्राच्या मागे जाऊन थोडी रडले. पगारवाढ झाली तेव्हाही रडले नव्हते.

खांडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. भगवंत, माझा ऑपरेटर, पंपांना झेंडूच्या माळा घालतो, पाने आणि पेचकस धुऊन पाटावर मांडतो. यंदा मनाचा हिय्या करून मी बाबांना विचारलं, पूजा सांगायला याल का. ते हो म्हणाले. मला इतका आनंद झाला की भगवंतला त्यांचा नंबर दिला, सामानाचं तुम्ही दोघं ठरवून घ्या म्हटलं आणि नवमीच्या सकाळी अकोल्याला बैठकीला गेले. सणाच्या दिवशी बैठक ठेवायची ही आपली सरकारी परंपरा आहे, तिला इलाज नाही.

दुपारी परतले तर फाटकातच वास आला. पोहण्याच्या तलावाला येतो तसा. आत आंब्याच्या पानांचं तोरण, रांगोळी, उदबत्ती. बाबा धोतर-उपरण्यात, पूजा आटोपून कठड्याजवळ उभे, चेहऱ्यावर समाधान. भगवंत नव्या शर्टात. आणि माझी टाकी पांढुरकी, वर फेस.

"भगवंत, यात काय टाकलं?"

"बिलिचिंग, मॅडम." तो खूश होता. "गोदामातलं सगळंच. काल सांजपासून टाकून रायलो. गुरुजी फोनवर म्हने का टाकी साफ केल्याबिगर मी कलश मांडत नाई. मी म्हटलं, करूच एकदाची. पाहा न, कशी धुतल्यावानी दिसून रायली."

नाल्यात सोडायच्या आधी शेवटच्या पाण्यात चिमूटभर घालायची ती पावडर, पोत्यांनी टाकीत गेली होती. मी खोलीत जाऊन काचेवर थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रोज तिथं यात्रा भरलेली असते. कोणी पळतंय, कोणी गिरकी घेतंय, आणि देठावर उभे असलेले ते इवले घंटेसारखे जीव मिटताहेत, उघडताहेत. त्या दिवशी काहीच हललं नाही. काच सरकवली, दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे तेच.

बाहेर येऊन मी भगवंतवर ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळे मेले, तू मारलेस, हे मात्र नक्की बोलले.

"कोन मेले?" त्यानं विचारलं. मग त्याचा चेहरा उतरला. "तुमी म्हनत होत्या टाकीत जीव हायेत म्हनून. मले वाटे, ते आपलं म्हनायची गोष्ट हाय." तो खाली रांगोळीशेजारीच बसला.

"त्याला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मी सांगितलं म्हणून त्यानं केलं. घाण साफ करायची असते, एवढंच मला माहीत होतं."

मी नाल्याकडचं दार बंद केलं आणि गावाचं पाणी मागच्या दोन जुन्या तलावांकडे वळवलं, पावडर जिरावी म्हणून थोडं तेवढं टाकीत येऊ दिलं. तलाव फार तर कोजागिरीपर्यंत पुरले असते. ते भरले की दार उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, मग टाकी जिवंत असो की मेलेली.

"आता पुढे काय?" बाबांनी विचारलं.

"विरजण आणावं लागेल. दुसऱ्या चालू टाकीतला जिवंत गाळ आणून यात सोडायचा. उद्यापर्यंत या पावडरीचा जोर ओसरेल. नवीन जीव तगले तर तगले."

"आणि जवळची टाकी?"

"अमरावतीला."

आमच्या अकोला जिल्ह्यानं अमरावतीपुढे हात पसरायचा म्हणजे काय ते इकडच्या माणसालाच कळेल. पण तिथल्या केंद्रावरच्या साधनाताई मोकळ्या मनाच्या. फोनवर म्हणाल्या, "ने न बाई, पाहिजे तितकं ने. पण मेलं काहून एकदम?"

"पूजा केली," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "गाडी पाठव."

दसऱ्याच्या सकाळी गाडी निघायच्या वेळी माणिकबाई आली, पदरात आपट्याची पानं घेऊन. केंद्रावर सोनं द्यायला ती पहिल्यांदाच आली होती. तिच्या हातून पानं घेतली आणि मला खोटं बोलवेना. टाकी मेल्याचं सांगितलं, कशी मेली तेही सांगितलं. बाबा आदल्या रात्री घरी गेलेच नव्हते, तिथंच उभे होते. तिनं बाबांकडे एकदा पाहिलं, टाकीकडे एकदा पाहिलं.

"मंग? आता काय करून रायली तू?"

"विरजण आणते, माणिकबाई. अमरावतीहून."

"लागन काय?"

"माहीत नाही."

विरजण म्हटल्यावर तिला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. "आन मंग," ती म्हणाली. "कोजागिरीले मी सोता पान्यात उतरून पाहीन. चांगलं असलं त भुलाबाई शिरवू. वास आला त पोरीयले घरी धाडीन अन् दुसऱ्या दिवशी बांध घालीन. तुह्यावर राग नाई माहा. पन घालीन."

बाबा हे सगळं ऐकत होते. गाडी चालू झाली तशी त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि दार उघडून भगवंतच्या शेजारी चढून बसले. गाडी म्हणजे नगरपरिषदेची, संडासाच्या टाक्या उपसायची. पिंगळीची पोरं ती दिसली की नाक धरून पळतात.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"माझ्या शब्दानं मेलं ना? मग आणायला मीच जातो."

गाडी दिवसभर फेऱ्या मारत राहिली. गाळ भरायचा, रस्त्यात कुठंही न थांबता आणायचा, कारण हवेशिवाय ते जीव गुदमरतात, आणि टाकीत सोडायचा. दर फेरीला बाबा जाताना केबिनमध्ये आणि येतानाही केबिनमध्ये. टोलनाक्यावरच्या माणसानं त्यांना ओळखलं म्हणे, त्याच्या घरची वास्तुशांत बाबांनीच केली होती. तो गाडीकडे बघतच राहिला, बाबांनी त्याला सोनं दिलं.

शेवटच्या फेरीची हकिगत मला भगवंतनं सांगितली.

"दिवे लागून गेल्ते, मॅडम. तिथला पंपवाला पुंजाजी, म्हातारा मानूस, नळी हातात धरून उभा. म्हने, दिवसभर भरून देल्लं, पन दिवेलागनीनंतर विरजन देत नसतेत. घरची लक्ष्मी जाते. मी मनात म्हटलं, झालं आता. आपले गुरुजीच असं सांगतेत सगळ्यायले, ते काय बोलतीन? गुरुजीनं केबिनीतून आपट्याचं पान काढलं अन् पुंजाजीच्या हातावर ठेवलं. म्हने, पुंजाजी, विरजण मागतंय कोण? आज दसरा आहे. मी सीमा ओलांडून सोनं लुटायला आलो आहे, आणि सोनं तर दिवे लागल्यावरही देतात. पुंजाजीनं पान कपाळाले लावलं अन् नळी सोडली. काठोकाठ भरून देल्ली गाडी."

मी ऐकत होते आणि टाकीत अमरावतीचा गाळ पडत होता. अंबापेठेचं, राजापेठेचं, सगळ्या शहराचं खाऊन पोसलेला. पांढुरक्या पाण्यात तो पिवळसर तपकिरी उतरला, पसरला, हवेनं वर आला. अकोल्याच्या हद्दीत अमरावतीचे जीव आले होते, आणि त्यांना काही फरक पडत नव्हता.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. पाणी राखाडी, फेस तसाच. तलाव भरत चालले होते. भगवंत रोज टाकीला उदबत्ती लावायचा. मी एकदा त्याला म्हटलं की धूर तरी करू नको. मग मलाच वाईट वाटलं.

तिसऱ्या सकाळी मी कठड्याशी गेले आणि थबकले. वास बदलला होता. अगदी पुसट होता, पण मातीचा होता. धावत जाऊन मी थेंब काचेवर घेतला. आधी काही दिसेना. मग कोपऱ्यात एक देठ दिसला, त्यावर एक घंटा, आणि मी बघत असताना ती मिटली. पुन्हा उघडली. शेजारी दुसरी. मी खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. मग बाबांना फोन केला, आणि ते पहिल्या बसनं आले.

चष्मा काढून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ त्यांना काही दिसत नव्हतं, नुसते पुटपुटत होते.

"हललं," ते म्हणाले.

"हो."

"घंटा आहे ही. हिला कोणी वाजवत नाही, तरी..." ते थांबले. "किती आहेत गं हे?"

"थेंबात?"

"टाकीत."

"आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं मोजलीत ना, तरी एका लोट्यातले मोजून होणार नाहीत. काही तर यातही दिसत नाहीत इतके लहान आहेत."

"आणि हे सगळ्यांचं खातात? कोणाचंही?"

"कोणाचंही. त्यांना फक्त हवा लागते."

बाबांनी डोळा काढला नाही. मान तशीच वाकवून म्हणाले, "पन्नास वर्षं मी पळीभर पाणी सोडतो आणि शुद्ध झालं म्हणतो." मी खिडकीकडे बघत उभी राहिले. मला भरून आलं होतं आणि त्यांना ते दिसायला नको होतं.

दुपारी त्यांनी घरून आणलेला डबा काढला. केंद्रावर ते पाणीसुद्धा घेणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण ते टाकीजवळच्या बाकावर मांडी घालून बसले. जेवणाआधी बाबा पानाबाहेर भाताच्या चित्राहुती घालतात. लहानपणी मी विचारायची की हे कोणासाठी, तर म्हणायचे, जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी. त्या दिवशीही त्यांनी चिमटीचिमटीनं भात मांडला, पाणी फिरवलं, आणि जेवण झाल्यावर ते घास उचलून कठड्यापाशी गेले आणि टाकीत सोडले. भगवंत उदबत्तीचा पुडा हातात धरून हे पाहत होता.

कोजागिरीच्या सकाळी तलाव काठाला लागले. टाकी तपकिरी झाली होती, पुढच्या टाकीत गाळ बसत होता, वरचं पाणी मला तरी स्वच्छ दिसत होतं. पण माझ्या डोळ्यांवर त्या दिवशी माझाच भरवसा नव्हता. मी नाल्याचं दार उघडलं.

संध्याकाळी बाबा आणि मी कवठ्याला गेलो. पोरी टिपऱ्या घेऊन आल्या होत्या, मध्ये पाटावर भुलाबाई, शेजारी भुलोजी, झाकलेले खिरापतीचे डबे. गाणी चालू होती, पण पोरींच्या आया पाण्याकडे बघत होत्या. टाकीचं सगळ्यांना कळलं होतं. माणिकबाईनं लुगडं वर खोचलं आणि एकटी पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत गेली. ओंजळ भरली, नाकाशी नेली, सांडली, पुन्हा भरली. पोरींचं गाणं मध्येच थांबलं.

"वास हाय," ती म्हणाली.

मी पाटावरच्या भुलाबाईकडे पाहिलं.

"वावराचा हाय. पानी पडून गेल्यावर येते तसा." तिनं ओंजळ सोडली आणि काठावर उभ्या बाबांकडे पाहिलं. "गुरुजी, तुमच्या पोरीनं धुतलेलं पानी हाय हे. तुमी उतरता काय याच्यात?"

सगळा कवठा बाबांकडे बघू लागला. माणिकबाईनं ते टोचायला विचारलं नव्हतं, तिला खरंच हवं होतं ते उत्तर. बाबांनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात पाय टाकला. गाळात पाय रुतला तसे थोडे हलले, मी पुढे झाले, त्यांनी हातानंच नको म्हटलं. माणिकबाईपाशी जाऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं पोरींकडून भुलाबाई घेतली आणि त्यांच्या हातांवर ठेवली. बाबांचे ओठ हलत होते. त्यांनी देवीला पाण्यात टेकवलं, धरून ठेवलं, आणि माती विरघळून त्यांच्या बोटांमधून निघून जाईपर्यंत तसेच वाकून राहिले. पूर्वेला चंद्र वर आला होता. पोरींनी पुन्हा टिपऱ्या धरल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही अमरावतीला निघालो. वाटेत बाबा एकदा म्हणाले की पुंजाजीला कळवायला हवं. घरी पोचलो. अंगणात चांदणं पडलं होतं, मागच्या दाराशी बादली उपडी होती, कारण ती भरणारा माणूस दिवसभर माझ्याबरोबर होता. मी सवयीनं घराला वळसा घालून तिकडे निघाले.

"तिकडून कुठे?" बाबा म्हणाले. "पुढून ये. दूध आटवायचंय."

त्यांच्या पोटऱ्यांवर नाल्याचा गाळ वाळला होता. तसेच ते पुढच्या दारानं घरात गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग गेले.